रंकाळ्याच्या पाण्यासाठी स्वस्त वाहकतामापक
कोल्हापुरातील रंकाळा तलावाच्या किंवा पंचगंगा नदीच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज घेण्यासाठी आर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा सर्किट बोर्ड, वाहकतेचा (क्षार जास्त तितकी वीज पाण्यातून सहज वाहते, ते मोजणारा) सेन्सर आणि डीएस१८बी२० हा तापमानाचा जलरोधक सेन्सर एवढे साहित्य पुरते. तापमान सेन्सरची डेटाची तार ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमार्फत ५ व्होल्टला जोडावी. नवशिके हमखास हाच विसरतात आणि मग पडद्यावर उणे १२७ अंश (म्हणजे सेन्सरशी संपर्क नसल्याची खूण) पाहून बुचकळ्यात पडतात. खरी मेहनत अंशांकनात, म्हणजे ज्ञात वाहकतेच्या द्रावणाशी यंत्र जुळवून घेण्यात आहे: सेन्सर १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या प्रमाण द्रावणात बुडवून सेन्सरच्या आकड्याला कितीने गुणायचे तो गुणक ठरवावा, आणि वाहकता दर अंश सेल्सिअसला साधारण २ टक्क्यांनी वाढत असल्याने प्रत्येक नोंद हिशेबाने २५ अंशांवर आणावी. इलेक्ट्रोडवर शेवाळ चढते, ते नियमित पुसावे. जिवाणू मात्र या यंत्राला दिसत नाहीत. पाणी पिण्याजोगे आहे का, हे त्यावरून ठरवू नये.