गोलपोस्टमध्ये उभं राहणाऱ्याने बैलावर बसणाऱ्याकडून काय घ्यावं

आधीच सांगतो, गोव्यात रोडिओ, म्हणजे उधळलेल्या बैलावर बसून टिकायचा तो अमेरिकन खेळ, नाही. बैल म्हटलं की आपल्याकडे धीरयो आठवते, त्यात माणूस बैलावर बसत नाही, दोन बैल एकमेकांना भिडतात, आणि तीही हायकोर्टाने बंद केलेली. मग हा विषय कुठून आला? मी डिचोलीच्या बाजूला संध्याकाळी पोरांना गोलकीपिंग शिकवतो आणि रात्री झोप आली नाही की यूट्यूबवर बुल रायडिंग बघत बसतो, बायको म्हणते हे काय खूळ, पण खरं सांगू तर गोलकीपरचं डोकं कसं तयार करायचं हे मला फुटबॉलच्या कोचिंगपेक्षा त्या टोपीवाल्यांकडून जास्त कळलं.

कारण ते पडतात. रोज पडतात, हजारो लोकांसमोर. नियम साधा आहे, बैलावर आठ सेकंद टिकायचं, एका हाताने दोरी धरायची, दुसरा हात बैलाला किंवा स्वतःला लागला तर खेळ खल्लास. आणि चांगले चांगले रायडर सुद्धा निम्म्याहून जास्त वेळा आठ सेकंद पुरे करत नाहीत. वर बहुतेकांना पगार नाही, एन्ट्री फी स्वतः भरायची, रात्रभर गाडी चालवत पुढच्या गावी जायचं, जिंकलं तरच पैसे. म्हणजे पडला तर खिशातूनच गेले. तरी तो माणूस दुसऱ्या दिवशी परत बसतो, हे बघून मला माझी लाज वाटली.

का ते सांगतो. अठरा वर्षांचा असताना एका गावच्या टुर्नामेंटच्या फायनलला भर पावसात साधा सरपटत आलेला बॉल माझ्या पायांमधून गेला. मागे उभे असलेले लोक काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मॅच संपल्यावर बूट हातात घेऊन चालत घरी आलो आणि वर्षभर मैदानावर गेलोच नाही. कोणी मला सांगितलं नव्हतं की चूक झाल्यावर करायचं काय. सगळे फक्त "भियेनाका रे" म्हणायचे. भियेनाका म्हणून भीती जात नाही हो, हाताला आणि पायाला काम दिलं की जाते, निदान गप्प बसते.

तर कामाचं सांगतो.

पहिलं काम पडल्यानंतरचं, कारण तिथेच आपण सगळे मरतो. बुल रायडर जमिनीवर आपटला की त्याच्याकडे वाईट वाटून घ्यायला वेळच नसतो, बैल अजून तिथेच असतो. म्हणून त्यांना आधीपासून घोटून शिकवलेलं असतं: बैल कुठे आहे ते बघ, उठ, कुंपणाकडे पळ, वर चढ. मग टोपी उचल, दोरी उचल. लाज, राग, पाय दुखतोय, सगळं कुंपणावर चढल्यानंतर. मी हे जसंच्या तसं उचललं. गोल खाल्ला की माझी पोरं तीनच गोष्टी करतात: बॉल जाळ्यातून स्वतः काढायचा (डिफेंडरने नाही, स्वतः), मधल्या सर्कलकडे जोरात फेकायचा, आणि उजव्या पोस्टला हात लावून समोरच्या डिफेंडरला नावाने हाक मारून त्याची जागा सांगायची. संपलं. दहा-बारा सेकंदाचं काम. हे मॅचमध्ये सुचत नाही, त्यामुळे प्रॅक्टिसमध्ये मी मुद्दाम गोल घालतो आणि फक्त ही तीन कामं करून घेतो, आठवड्यात तीस-चाळीस वेळा तरी. तुमचा खेळ वेगळा असेल, कबड्डी असो, वेटलिफ्टिंग असो, तुमची तीन कामं तुम्ही ठरवा, फक्त ती हाताने-पायाने करायची पाहिजेत. "पॉझिटिव्ह राहायचं" हे काम नव्हे.

दुसरं, सुरुवातीच्या आधीचं. रायडर त्या लोखंडी पिंजऱ्यात, च्यूट म्हणतात त्याला, बैलावर उतरतो, हातमोजा दोरीवर जोरजोरात घासतो म्हणजे राळ गरम होऊन चिकट होते, दोस्त वरून दोरी ओढून घट्ट करतो, हाताला वेढा, मुठीवर ठोसे, पुढे सरकून बसायचं, हनुवटी खाली. आणि मग मान हलवायची. ती मान हलल्याशिवाय गेट उघडत नाही. हे मला फार आवडतं, कारण बैल कुठला मिळेल हे त्याच्या हातात नाही, तो चिठ्ठीने ठरतो, शंभरातले पन्नास मार्क तर बैलाच्या उड्यांना असतात, पण सुरू कधी करायचं ते त्याच्या हातात आहे.

आपल्याला हे परकं नाही, शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतले धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त, बघा. निखाऱ्यांवरून चालणं हे पहाटेचं काही क्षणांचं काम, पण त्याआधी कित्येक दिवस व्रत, आंघोळ, वेगळं जेवण, हातात ती वेताची काठी. तो माणूस होमकुंडापाशी येतो तेव्हा अर्धं काम आधीच झालेलं असतं. श्रद्धेचा विषय वेगळा, मी फक्त तयारीचं बोलतोय.

तुमची मान हलवणं काय ते शोधा. माझ्या एका पोराचं असं आहे: पेनल्टीच्या वेळी ग्लोव्हचे पट्टे उघडून परत लावतो, एक श्वास घेऊन हळू सोडतो, मग रेषेवर येऊन बॉल मारणाऱ्याकडे बघून मान हलवतो. रेफरी शिटी कधी वाजवेल ते त्याच्या हातात नाही, पण त्याच्या डोक्यात गेट त्यानेच उघडलेलं असतं. श्वासाचं एक लक्षात ठेवा, सोडणं घेण्यापेक्षा लांब पाहिजे, चार मोजत घेतला तर सहा मोजत सोडायचा, सोडताना हृदयाचे ठोके कमी होतात, ही शरीराचीच सोय आहे, यात योगा-बिगा काही मोठं नाही. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो आणि धरून ठेवला की खांदे लाकडासारखे होतात.

आणि हे शांत मैदानावर करून उपयोग नाही. पोरांना गोलमागे उभं करा आणि काय वाटेल ते बोलू दे, आईबहीण सोडून. जुलैच्या पावसात, चिखलात, ग्लोव्ह चिंब झालेले असताना करा. थकलेले असताना करा.

डोळे मिटून बघायची प्रॅक्टिस पण आहे. गॅरी लेफ्यू नावाचा रायडर १९७० चा वर्ल्ड चॅम्पियन, त्याने हे मनात राईड बघायचं तंत्र धरलं आणि पुढे आपल्या शाळेत कित्येकांना शिकवलं. लोक यात एक चूक करतात, स्वतःला टीव्हीवर बघितल्यासारखं बघतात. तसं नको, आपल्याच डोळ्यातून बघायचं, समोर बैलाचे खांदे नाहीतर समोर येणारा स्ट्रायकर, आणि खऱ्या वेळेत, आठ सेकंद म्हणजे आठच. पाच वेळा बघितलं तर त्यातल्या एका वेळी काहीतरी बिघडू द्या, बॉल निसटू द्या, आणि परत उठून धरताना बघा. नुसतं छान छान बघणारा पहिल्या चुकीला बावचळतो.

ड्रमचं सांगायला हवं. रोडिओवाले रिकामा ड्रम चार बाजूंनी दोऱ्या बांधून लटकवतात, एकाने वर बसायचं आणि चौघांनी दोऱ्या ओढायच्या. आम्ही आमच्या मागच्या अंगणात दोन माड आणि दोन आंब्यांमध्ये टांगला, खाली पेंढ्याच्या गाद्या, जमिनीपासून कंबरेइतकाच वर. आई म्हणाली माडाला इजा झाली तर नारळ तुम्हीच आणून द्या बाजारातून. खोडाला आधी गोणपाट गुंडाळायचं मग दोरी. याचा गोलकीपरला उपयोग काय? तोल जातो तेव्हा घाबरायचं नाही, कंबर सैल ठेवायची, डोळे एका जागी ठेवायचे. टाय मरी, जो सात वेळा ऑल-अराउंड, म्हणजे रोडिओचे वेगवेगळे प्रकार मिळून, वर्ल्ड चॅम्पियन झाला, तो लहानपणी कुंपणावरून चालायचा, एकचाकी सायकल चालवायचा, तोल हाच त्याचा धंदा. सहा टायटल १९८९ ते १९९४ सलग, मग गुडघे, खांदे, ऑपरेशनं, तीन वर्षं गेली, आणि सातवं १९९८ ला. मधली तीन वर्षं मला सहा टायटलपेक्षा मोठी वाटतात.

हरण्याची रांग लागते तेव्हा काय? वही ठेवा. पण भावनांची डायरी नको, रात्री तीन ओळी: काय ठरवलं होतं, काय केलं, उद्या कुठली एकच गोष्ट बदलणार. "नशीब" हा शब्द वहीत बंद. लेन फ्रॉस्ट नावाचा रायडर आणि रेड रॉक नावाचा बैल यांची गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो. रेड रॉकला ३०९ वेळात कोणी आठ सेकंद धरू शकलं नव्हतं. १९८८ मध्ये त्या दोघांच्या सात लढती लावल्या. फ्रॉस्ट त्यात तीनदा पडला आणि चारदा टिकला. लोक चार लक्षात ठेवतात. मी पोरांना तीन विचारतो, त्या तीन रात्री त्याने काय केलं असेल?

आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तर गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनी. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा स्टेडियम, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, तो एफसी गोवाकडून, टीम २-१ ने पुढे, शेवटच्या मिनिटाला त्याचा हात लागून बॉल स्वतःच्याच जाळ्यात, आणि लगेच अजून एक गोल, ३-२ ने चेन्नईयिन जिंकली. मी टीव्हीसमोरून उठून बाहेर अंगणात गेलो, मला माझा पाऊस आठवला. मग २० मार्च २०२२, तेच फातोर्डा, परत फायनल, या वेळी हैदराबादकडून, आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये त्याने तीन अडवले. मधली सहा वर्षं तो रोज ट्रेनिंगला जात होता, एवढंच मला दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मी चिडून लिहितोय. दुखापत लपवणं म्हणजे मानसिक ताकद नव्हे. टफ हेडमन नावाचा रायडर, नावच टफ, १९९५ मध्ये बोडेशियस नावाच्या बैलाने डोकं मारून त्याच्या तोंडाची हाडं मोडली. काही आठवड्यांनी मोठ्या फायनलमध्ये चिठ्ठीत तोच बैल आला. हेडमन बसला नाही. गेट उघडलं, बैल एकटा बाहेर गेला, त्याने टोपी काढून सलाम केला. त्याच फायनलमध्ये तो बैल दुसऱ्या एकाला जबर लागला आणि मालकाने त्याला रिटायरच केला. हेडमनला कोणी भित्रा म्हटलं असेल का? आणि लेन फ्रॉस्ट, तोच रेड रॉकवाला, १९८९ मध्ये अमेरिकेत शायेनच्या रोडिओत राईड पुरी करून उतरल्यावर बैलाने मागून मारलं आणि पंचवीसाव्या वर्षी गेला, त्यानंतर त्याच्या दोस्ताने, कोडी लॅम्बर्टने, छातीचं संरक्षण करणारं जॅकेट बनवलं, आज ते सगळे घालतात. 

तर डोक्याला मार लागला, उलटी झाली, दोन दोन दिसतंय, स्कोअर आठवत नाही, तर त्या दिवशी परत मैदानात पाय ठेवायचा नाही, कोच काहीही बोलू दे, सरळ डॉक्टरकडे, जास्त असेल तर बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात. आणि मार शरीराला नसून आत लागला असेल, पंधरा पंधरा दिवस झोप नाही, खेळ नको, जेवण नको, तर तेही दुखणंच आहे, बांबोळीलाच मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, फोनवर बोलायचं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. मैदान सोडलं त्या वर्षी मला हे कोणी सांगितलं असतं तर मी नऊ-दहा महिने आधी मैदानावर परत गेलो असतो.

एक शेवटची गंमत. आमच्या शेजारी एक म्हातारे अंकल आहेत, पोर्तुगीज काळात शाळा शिकलेले. मी मोबाईलवर ब्राझीलचा बारेतोसचा रोडिओ लावला होता, तिथली कॉमेंट्री पोर्तुगीजमध्ये, तर हे व्हरांड्यातून ऐकून हसायला लागले. तो ओरडणारा काय म्हणतो विचारलं तर म्हणाले, "सेगुरा पियांव! धर रे गड्या, घट्ट धर!" आता पेनल्टी असली की गोलमागून सगळी पोरं तेच ओरडतात, समोरच्या टीमला वाटतं शिवी देतायत, परवा रेफरीने येऊन मला अर्थ विचारला.