गच्चीचा स्लॅब तपासून घ्यायचा तर

स्लॅब गळू लागला की पहिला फोन वॉटरप्रूफिंगवाल्याला जातो. तो फुकट पाहतो आणि चौरस फुटाचा दर सांगून जातो. पण ज्याला कोटिंग विकायचं आहे, त्याला प्रत्येक गळतीवर कोटिंगच दिसणार. म्हणून तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या, त्याची फी वेगळी द्या आणि दुरुस्तीचं काम त्याला मिळणार नाही हे आधीच सांगा.

सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात बोलावलंत तर ओल ताजी सापडते. मे महिन्यातल्या उन्हात डाग वाळतात, नुसता लोणा, म्हणजे पांढरा क्षार, उरतो. तोवर घरच्यांनी एवढं टिपून ठेवावं: ओल फक्त पावसात येते की बारमाही असते? बारमाही असेल तर आधी टाकीचा ओव्हरफ्लो, नळाचे सांधे आणि सोलरची पाइप पाहावी लागते. स्लॅबचा त्यात दोष नसेलही.

तपासणी गच्चीवरून नाही, खालून सुरू व्हायला हवी. इंजिनिअर हातोडीनं छत ठोकत जातो. भद्द आवाज आला की तिथला गिलावा काँक्रीटपासून किंवा काँक्रीट सळईपासून सुटलेलं असतं. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. स्लॅबच्या सळईखाली निदान २० मिमी कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, लागतं. जुन्या घरांत सळई उचलून धरणारे ठोकळे न लावता सळया थेट फळ्यांवर ठेवलेल्या असतात, तिथे हे हमखास घडतं.

मग चाचण्या. रिबाउंड हॅमर, म्हणजे उसळीवरून काँक्रीटची ताकद अजमावणारं उपकरण, गिलाव्यावर मारू देऊ नका, गिलावा काढून काँक्रीटवर मारायचा. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं कडक होतो आणि आकडा खोटा चांगला येतो, म्हणून एकट्या हॅमरवर विसंबू नये. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फथॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारा: गुलाबी झालं तर सळईचं संरक्षण शाबूत, रंग आला नाही तर गेलेलं. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर गंज आज ना उद्या येणारच. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलीव्होल्टच्या पलीकडचा (उदा. उणे ४००) आकडा आला, तर तिथे गंज सुरू असल्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

गच्चीवर पाहायच्या जागा ठरलेल्या: कठड्याच्या कडेचा वाटा (कोपऱ्यातला गोलसर मसाला), पावसाळी पाइपचं तोंड, कोब्यातल्या (स्लॅबवरच्या उताराच्या थरातल्या) पोकळ जागा. उतार १०० ला १ हवा, म्हणजे २० फुटांत जवळपास अडीच इंच. पाणी साठवून पाहायची चाचणी संशयित भागापुरतीच, वाळू-सिमेंटचा बांध घालून करा. ६०० चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे २,८०० लिटरच्या वर, म्हणजे पावणेतीन टनांहून जास्त भार. खालून सळई उघडी दिसत असेल तर ही चाचणी करूच नये.

भाराचा विषय सोलापुरात विशेष महत्त्वाचा. नळाला रोज पाणी नाही म्हणून घरोघरी गच्चीवर दोन-तीन टाक्या आहेत. १,००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन. ती भिंतीवर किंवा बीमवर हवी, स्लॅबच्या मध्यावर नको. तसंच जुन्या कोब्यावर नवा कोबा. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो होतं, आणि वापरातल्या गच्चीसाठी माणसं-सामानाचा भार धरतात तो १५० किलो. कोब्यावर कोबा सुचवणाऱ्याला हा हिशोब विचारा.

पेठांमधल्या माळवदाला, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छताला, यातल्या चाचण्या लागू नाहीत. तिथे तुळयांची भिंतीत गेलेली टोकं सळीनं टोचून पाहायची, वाळवी आणि कुज तिथेच असते. वर मातीचे किती थर चढलेत तेही मोजायचं.

अहवालात छताचा नकाशा, त्यावर खुणा केलेल्या जागा, फोटो, प्रत्येक चाचणीचे आकडे आणि जागेनिहाय दुरुस्तीचं माप मागा. ‘सर्वत्र दुरुस्ती आवश्यक’ एवढंच लिहिलेला कागद घेऊ नका. इमारतीला ३० वर्षं झाली असतील तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५(अ)प्रमाणे नोंदणीकृत इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा त्याची नोंदणी आधीच पाहून घ्या. काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. एप्रिल-मेच्या उन्हात दुरुस्तीचा मसाला मुरायच्या आतच वाळतो आणि तडकतो.