कार्ट्रिज घरीच भरताना

प्रिंटरच्या कार्ट्रिजचं हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) जळण्याआधी शाई भरा, हे सर्वांत महत्त्वाचं. छोट्या इंकजेट कार्ट्रिजमध्ये शाईच हेड थंड ठेवते. छपाई फिकी पडल्यावरही प्रिंट काढत राहिलात तर हेड जळतं, मग कितीही शाई भरा, उपयोग नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीत शाई घेताना मॉडेल सांगा. काळी अनेकदा पिगमेंट (बारीक रंगकणांची) असते, रंगीत डाय (विरघळलेल्या रंगाची). दोन्ही मिसळल्या तर शाई गोठून नोझल (हेडची सूक्ष्म भोकं) बुजतात. सोबत ५ मिलीची सिरिंज, बोथट सुई आणि हातमोजे.

वरचं लेबल सोला, खाली बारीक छिद्रं दिसतील. रंगीत कार्ट्रिजमध्ये कोणत्या छिद्रात कोणता रंग हे मॉडेलनुसार बदलतं, म्हणून टूथपिक घालून टोकाचा रंग बघा. सुई आतल्या स्पंजमध्ये अर्ध्यापर्यंत घाला आणि अगदी सावकाश सोडा. छोट्या काळ्याला साधारण ३ मिली, प्रत्येक रंगाला दीड ते २ मिली पुरे. घाई केली की स्पंजात हवा अडकते. शाई वर दिसली तर थांबा, जास्तीची ओढून घ्या. जास्त भरलेलं कार्ट्रिज खालून गळतं, रंग एकमेकांत मिसळतात.

लेबल परत लावा, पण हवेचं छिद्र चिकटपट्टीने पक्कं बंद करू नका. आत निर्वात होऊन शाई उतरत नाही.

हेड कोमट पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर दाबून टिपा, घासू नका. दहा मिनिटांनी प्रिंटरची क्लीनिंग सायकल (हेड साफ करण्याची सोय) चालवा. शाई संपल्याची सूचना येतच राहते, चिप मोजणी बदलत नाही, दुर्लक्ष करा. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात शाई सुकू नये म्हणून आठवड्यातून एक रंगीत पान काढाच.