ड्युअल बूट फसल्यावर संगणक पुन्हा सुरू कसा करावा

विंडोजच्या जोडीला उबुंटू ही दुसरी कार्यप्रणाली बसवताना (म्हणजे ड्युअल बूट करताना) काही बिनसले आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ (ग्रब म्हणजे उबुंटूसोबत येणारा, प्रणाली निवडून सुरू करणारा प्रोग्रॅम) एवढेच शब्द उमटून लॅपटॉप थांबला, की नाशिकच्या कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला खोली घेऊन राहणारे कितीतरी विद्यार्थी तो घेऊन तडक दुकान गाठतात आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ असे स्वतःच सांगून मोकळे होतात. ही घाई करू नये, अशी कळकळीची विनंती आहे. इन्स्टॉल करताना चुकून संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला गेला नसेल, तर प्रोजेक्ट, फोटो, सबमिशनच्या फायली बहुधा जागच्या जागी असतात. फक्त प्रणाली कुठून सुरू करायची, हे संगणकाला कळेनासे झालेले असते.

प्रथम उबुंटूचा पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप बंद करावा आणि पुन्हा सुरू करताच बूट मेनूची कळ दाबत राहावी. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ१२, तर एचपीवर एफ९ असते. यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसला आणि तो निवडल्यावर विंडोज उघडली, तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बूटचा क्रम बदलला की काम झाले. नाव दिसतच नसेल, तर तेथेच बूट मोड, म्हणजे संगणक सुरू होण्याची पद्धत, तपासावा; ती नवी ‘यूईएफआय’ किंवा जुनी ‘लेगसी’ असते. मूळ विंडोज यूईएफआय पद्धतीची असताना उबुंटूसाठी कोणाच्या तरी सांगण्यावरून मोड ‘लेगसी’ केला गेला असेल, तर विंडोज सापडत नाही; मोड पूर्ववत केल्यावर ती बहुतेक वेळा परत येते. मात्र अशा बदलानंतर बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे संरक्षण) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, म्हणून मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती आधीच उतरवून घ्यावी.

एवढ्याने भागले नाही, तरी पुढच्या दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून ‘ट्राय उबुंटू’ निवडावे आणि महत्त्वाच्या फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवाव्यात. विंडोजचे फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) चालू राहिले असल्यास विंडोजचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवरील तिचा भाग, केवळ वाचण्यापुरते उघडते, पण कॉपी करायला तेवढे पुरते.

आता विंडोजचा बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम, दुरुस्त करू. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबले, की कमांड प्रॉम्प्ट उघडतो. तेथे डिस्कपार्ट या डिस्कचे भाग हाताळणाऱ्या कमांडमध्ये व्हॉल्यूमची (डिस्कच्या भागांची) यादी काढावी आणि फॅट३२ असे लिहिलेली, साधारण १०० ते ५०० एमबीची छोटी ओळ शोधावी. हेच ईएफआय पार्टिशन; बूटलोडर याच भागात असतो. पेनड्राइव्हही अनेकदा फॅट३२ असतो, त्यामुळे आकार पाहिल्याशिवाय काहीही निवडू नये. त्या पार्टिशनला ‘एस’ हे अक्षर देऊन डिस्कपार्टमधून बाहेर पडावे आणि बीसीडीबूट या कमांडला विंडोजच्या फोल्डरचा मार्ग, एस ड्राइव्ह आणि यूईएफआय हा प्रकार द्यावा. येथे विंडोजचे अक्षर सी नसून डी किंवा ई असू शकते, म्हणून प्रत्येक ड्राइव्हची डिरेक्टरी उघडून खात्री करावी. बरेच जण बूटरेक या विंडोजच्या जुन्या दुरुस्ती साधनातील फिक्सबूट कमांडवर अडकून बसतात. यूईएफआय संगणकावर ती कमांड ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून थांबण्याचा प्रकार वारंवार घडतो, आणि तिथे बीसीडीबूटच उपयोगी पडते.

उबुंटूही हवी असेल, तर तिच्या पेनड्राइव्हवरून संगणक यूईएफआय मोडमध्येच सुरू करावा, मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगने इंटरनेट जोडावे आणि ‘बूट रिपेअर’ इन्स्टॉल करून त्यातील शिफारस केलेली दुरुस्ती चालवावी. त्यानंतर ग्रबच्या यादीत उबुंटू दिसूनही विंडोज गायब राहिली, तर घाबरण्याचे कारण नाही: ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. उबुंटू उघडून ग्रबच्या सेटिंगच्या फायलीत तो बंद ठेवणाऱ्या ओळीची किंमत ‘फॉल्स’ करावी, ओळ नसल्यास नव्याने लिहावी आणि टर्मिनलमध्ये (कमांड लिहिण्याच्या खिडकीत) अपडेट-ग्रब ही कमांड चालवावी. टर्मिनलवर ‘विंडोज बूट मॅनेजर सापडला’ अशा अर्थाची ओळ उमटली, की संगणक रीस्टार्ट करून दोन्ही प्रणाली एकेकदा उघडून पाहाव्यात.