जोडीदार व्हिसाची फाईल का रखडते? या चुका टाळा

लग्नसराई आटोपली की माझे फोन सुरू होतात. अमळनेर, शिरपूर, चोपडा, भुसावळ, कुठून कुठून. मांडव उतरलेला असतो, जावई रजा संपवून मेलबर्नला परतलेले असतात आणि मुलीचे वडील विचारतात, "भाऊ, पोरीचा व्हिसा किती दिवसांत होईल?" गेली बारा वर्षं जळगावात बसून मी ऑस्ट्रेलियाच्या जोडीदार व्हिसाची कागदपत्रं लावून देतोय. रखडलेल्या फायली पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या बऱ्याच फायलींची गाठ गावातच, लग्नाच्या आठवड्यात बसलेली असते.

आधी वेळेचं बोलू. ऑस्ट्रेलियाचं गृह खातं प्रत्येक व्हिसाला लागणारा काळ आपल्या संकेतस्थळावर दाखवतं आणि तो आकडा दर महिन्याला बदलतो. तिथे दोन गोष्टी दिसतात : ५० टक्के अर्ज किती काळात निकाली निघाले आणि ९० टक्के किती काळात. लोक पहिला आकडा वाचून तिकिटाचे भाव बघायला लागतात. अहो, ५० टक्के म्हणजे निम्मी माणसं त्या तारखेला अजून वाटच पाहत होती. ९० टक्क्यांनंतरही दहातला एक उरतोच. शिवाय हे आकडे नुकत्याच निकाली निघालेल्या अर्जांचे, तुमच्या अर्जाला दिलेला तो शब्द नाही. मी घरच्यांना ९० टक्क्यांचाच आकडा कॅलेंडरवर लिहायला लावतो. मुलीने नोकरीचा राजीनामाही व्हिसा हातात आल्यावरच द्यावा.

जावई कोणत्या व्हिसावर आहेत?

हा प्रश्न साखरपुड्याच्या आधी विचारायचा असतो. आपल्याकडे शेती किती, बोअरला पाणी किती, भाऊबंदकी कशी हे सगळं विचारतात, पण हे विचारायला संकोचतात. "पोरगा तिकडे सेटल आहे" एवढ्यावर बोलणी पुढे जातात. भारतातून जो जोडीदार व्हिसा मागतात, म्हणजे सबक्लास ३०९, त्यासाठी नवरा ऑस्ट्रेलियाचा नागरिक, कायमचा रहिवासी किंवा पात्र न्यूझीलंड नागरिक असावा लागतो. विद्यार्थी व्हिसावर किंवा शिक्षणानंतरच्या ४८५ व्हिसावर असलेला मुलगा या मार्गाने बायकोला नेऊ शकत नाही. त्याच्या स्वतःच्या व्हिसात तिला जोडून घेण्याचा अर्ज करावा लागतो आणि त्याचे नियम निराळे. त्यामुळे व्हिसाचं पत्रच बघायला मागा. सोयरिकीत असा कागद मागणं कुणाला वावगं वाटलं तरी मागा.

एका मुलीची तीन नावं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे आली. एम.एस्सी. झालेली, हुशार. माहेर पाटील, सासरही पाटील. आडनाव तेच राहणार, म्हणून नावाचा विचार घरात कुणीच केला नाही. पासपोर्टवर तिच्या नावापुढे वडिलांचं नाव होतं. लग्नात सासरी ताटातल्या तांदळावर तिचं नवीन नाव लिहिलं गेलं. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणीचा अर्ज दिराने भरला आणि वधूच्या रकान्यात हौसेने ते नवीन नाव, पुढे नवऱ्याचं नाव असं लिहून टाकलं. तेवढ्यात आधार कार्डही बदलून झालं, पण त्यात तिचं स्वतःचं नाव जुनं आणि मधलं नाव नवऱ्याचं. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचा दाखला, पासपोर्टच्या नावाने आला. सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले तर लग्न झालेली बाई एक आणि व्हिसा मागणारी दुसरीच.

तिकडच्या अधिकाऱ्याने खुलासा मागवला आणि मग ती माझ्याकडे आली. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये प्रमाणपत्र होतं, त्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट उमटलेलं. ते माझ्यापुढे सरकवत ती एवढंच म्हणाली, "दादा, आते काय करानं?"

तोवर आधीच्या ग्रामसेवकांची बदली झाली होती. नव्या माणसाला जुनं दप्तर सापडायलाच वेळ गेला. शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्न लावणारे गुरुजी, साक्षीदार, सगळ्यांना पुन्हा गोळा केलं. दुरुस्त प्रमाणपत्र हातात यायला पाच महिने लागले. त्या वर्षीची आखाजी (अक्षय्य तृतीया) तिने माहेरी काढली आणि पुढच्या वर्षीचीही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. लग्न ठरल्याचं कळलं की मुलीच्या पासपोर्टची झेरॉक्स काढून ठेवायला सांगतो. नोंदणीचा अर्ज भरताना ती समोर ठेवायची आणि वधूचं लग्नाआधीचं नाव अक्षर न अक्षर तसंच उतरवायचं. प्रमाणपत्र मिळालं की टेबलापाशी उभं राहूनच वाचायचं, घरी जाऊन नाही. चौधरी हे आडनाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलेलं मी पाहिलं आहे, तेव्हा स्पेलिंगही बघा. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. ती जावई इथे असतानाच उरकून घ्या. लग्नपत्रिका हा लग्नाचा कायदेशीर पुरावा नाही.

आणि लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती कुठेही नाही. बदलायचंच असेल तर अर्जाआधी सगळीकडे बदला, नाहीतर व्हिसा आल्यावर बदला. मधेच नवा पासपोर्ट काढावा लागलाच तर त्याचा क्रमांक लगेच इमिअकाउंटवर, म्हणजे गृह खात्याच्या ज्या ऑनलाइन खात्यातून अर्ज भरतात तिथे, कळवा.

ईमेल कुणाचा?

शिरपूरकडच्या एका कुटुंबाने बाजारातल्या एका कॉम्प्युटर सेंटरमधून अर्ज भरला. "फास्ट फाईल" करून देतो म्हणाले होते. इमिअकाउंट सेंटरच्या ईमेलवर, पासवर्ड सेंटरच्या माणसाकडे. गृह खात्याने पोलीस क्लिअरन्स मागवला. अशा मागणीला उत्तर द्यायला साधारण २८ दिवस मिळतात. सेंटरवाल्याने तो ईमेल उघडलाच नाही. मुदत उलटली आणि हाती होतं त्यावर निर्णय झाला : नामंजूर. घरच्यांना हे कळलं तेही दोन महिन्यांनी, नवऱ्याने तिकडून चौकशी केली तेव्हा. अर्जाची फी ९,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे आणि ती परत मिळत नाही. मुलीच्या वडिलांनी त्यासाठी केळीच्या हंगामाचा पैसा मोडला होता. माझ्यापुढे बसून ते बराच वेळ नुसते हाताकडे बघत होते.

फास्ट फाईल नावाची वस्तूच नाही. पैसे घेऊन रांग पुढे सरकवू म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ईमेल मुलीचा स्वतःचा हवा, पासवर्ड नवरा-बायको दोघांकडे हवा, आणि दर रविवारी खातं उघडून बघायचं. स्पॅमसुद्धा.

आठशे फोटो आणि पुरावा एकही नाही

अधिकारी चार बाजूंनी नातं तपासतात : पैशांचा व्यवहार, घरसंसार, चारचौघांतली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी. आपल्याकडचे लोक लग्नाचा अख्खा अल्बम चढवतात. त्यात वरातीचे, पंगतीचे, पाहुण्यांचे फोटो आणि नवरा-नवरी दहा ठिकाणी. एका फाईलला ५ एमबीची मर्यादा असते, तिथे हे ओझं कशाला?

लग्न झाल्यावर पंचवीस दिवसांत नवरा गेला, हे ठरवून केलेल्या लग्नात नेहमीचंच आहे. लपवू नका, लिहा. लग्न झालेल्यांना आधी बारा महिने एकत्र राहिल्याची अट नाही, ती लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांसाठी आहे. मग पुढच्या महिन्यांचा पुरावा जमवा. नवऱ्याने पाठवलेले पैसे, रोजच्या बोलण्याची नोंद (सगळी नको, दर महिन्याची थोडी), विम्यात बायकोचं नाव, त्याने पुन्हा भेटायला काढलेलं तिकीट. एका मुलीने श्रावणात सासरी कानबाई (आपल्या खानदेशातली देवी) बसली तेव्हाचा फोटो लावला होता. ती सासूसोबत कानबाईपुढे बसलेली आणि हातातल्या मोबाईलवर व्हिडिओ कॉलमध्ये नवरा. खाली तारीख आणि दोन ओळी. शंभर पोझच्या फोटोंपेक्षा मला तो एक जास्त मोलाचा वाटतो.

निवेदन मात्र दोघांनी वेगवेगळं, आपल्याच शब्दांत लिहावं. नेटवरून उतरवलेला मजकूर ओळखू येतो. मी दोघांची निवेदनं समोर ठेवून फक्त तारखा पडताळतो. नवऱ्याने साखरपुडा मार्चमध्ये लिहिलेला आणि बायकोने एप्रिलमध्ये, असं कितीदा तरी निघतं.

आता राहिलेलं भराभर. मराठी दाखल्याच्या इंग्रजी भाषांतरावर भाषांतरकाराचं नाव, पत्ता, फोन आणि पात्रता हवी. पोलीस क्लिअरन्स आणि वैद्यकीय तपासणी साधारण बारा महिनेच धरतात, म्हणून प्रतीक्षाकाळ वर्षाच्या पुढे असेल तर मी ही दोन्ही कामं गृह खात्याची मागणी आल्यावरच करवतो. तपासणी ठरवून दिलेल्या डॉक्टरकडेच होते, गावच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. फॉर्म ८८८ वर, म्हणजे नातं खरं असल्याचं ओळखीच्या माणसांनी लिहून द्यायच्या फॉर्मवर, लिहिणारे साक्षीदार दोघांनाही ओळखणारे हवेत, नुसता नवऱ्याचा रूममेट नको. खोटा भाडेकरार किंवा बनावट दाखला कधीही जोडू नका. त्यावर अर्ज नाकारला जातो आणि तीन वर्षं व्हिसा मिळणं बंद होऊ शकतं, ओळखच खोटी निघाली तर दहा वर्षं.

वाट पाहण्याच्या काळात दिवस गेले तर तेही लगेच कळवा. वैद्यकीय तपासणीतला छातीचा एक्स-रे लांबू शकतो, मग अधिकाऱ्याला कारण ठाऊक असलेलं बरं. निर्णयाआधी बाळ जन्मलं तर त्याचेही कागद लागतात. वडील नागरिक असतील तर बाळाचा मार्ग वेगळा, कायमचे रहिवासी असतील तर वेगळा. पण दोन्हीकडे पहिला कागद एकच, जन्माचा दाखला. दवाखान्यात नर्स फॉर्म घेऊन येईल तेव्हा आईच्या नावाच्या रकान्यात कुणी घाईने काही लिहायच्या आत पासपोर्टची ती झेरॉक्स तिच्या हातात द्या.