घोटा बदलायची तयारी: दवाखान्याची थोडी, घराची जास्त

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात आधी पिशवी भरली जाते. टॉवेल, चादर, थर्मास, चार्जर, रिपोर्टची फाइल. ती भरायला अर्धा तास पुरतो, आणि घोट्यासाठी दवाखान्यातला मुक्कामही दोन-चार दिवसांचाच असतो. पुढचे तीन महिने घरात काढायचे असतात, त्यांची यादी कुणी हातात देत नाही. आमच्या ह्यांचा उजवा घोटा बदलला तेव्हा केलेली जमवाजमव इथं लिहिते. तरुणपणी पेठेच्या फुटबॉलमध्ये मोडलेला घोटा, मग वर्षानुवर्षं झिजत गेलेला. गुडघा बहुतेकदा वयानं झिजतो, घोटा बहुतेकदा जुन्या मारानं. फुटबॉल आणि कुस्तीच्या आमच्या कोल्हापुरात असे घोटे गल्लोगल्ली सापडतील.

यादीत सगळ्यात वर हे: घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा की हा गुडघा नव्हे. गुडघा बदललेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली असतात. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी, महिन्याभरात मंडईत. तोच हिशेब घोट्याला लावला की पंधरा दिवसांत घरात कुरबुर सुरू होते, ‘अजून कसं चालत नाहीत हो?’ घोट्याच्या ऑपरेशनमध्ये नडगीच्या हाडाचं खालचं टोक कापून तिथं धातूचा भाग बसवतात, खालच्या हाडावर धातूची टोपी येते आणि दोन्हींच्या मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती असते. हाडानं तो धातू पकडायला वेळ घ्यावा लागतो. शिवाय चिरा बहुधा घोट्याच्या पुढच्या बाजूला असतो आणि तिथं कातडीखाली मांस जवळजवळ नाहीच, त्यामुळं जखम सावकाश भरते. पहिले दोन आठवडे प्लास्टर आणि पाय वर. टाके दोन-तीन आठवड्यांनी निघतात. वजन टाकायची परवानगी काही सर्जन दोन-तीन आठवड्यांनी देतात, काही सहा आठवडे थांबवतात. मग घोटा धरून ठेवणारा उंच बूट, आणि साधा बूट दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कधीतरी. सूज सहा महिने ते वर्षभर ये-जा करते. हे वेळापत्रक आपल्या सर्जनकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. आमच्याकडं त्या कागदानं बरीच भांडणं वाचवली.

ऑपरेशन नक्की करायच्या आधी सर्जनना दोन प्रश्न विचारायला लाजू नका. तुम्ही घोटे किती बदललेत, आणि माझा सांधा बदलण्यापेक्षा जखडून टाकणं का नको? सांधा जखडण्याचं ऑपरेशन, म्हणजे हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकणं, जुनं आणि खात्रीचं आहे, काही जणांना तेच जास्त सोसतं, विशेषतः तरुण आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांना. चांगला डॉक्टर या प्रश्नानं चिडत नाही.

तारीख शक्यतो दिवाळीनंतरची घ्या. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात ओली फरशी आणि कुबड्या हा धोका आहे, आणि उन्हाळ्यात प्लास्टरमधल्या खाजेनं माणूस कावतो. घोट्याचा सर्जन पुण्या-मुंबईचा असेल तर आणखी एक हिशेब करावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुण्याकडं जाणारा महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. टाके काढायची तारीख अशा आठवड्यात यावी अशी कुणाचीच इच्छा नसणार.

तारखेच्या आधीचे दोन महिने शरीराचे. मिश्री, तंबाखू, विडी, सिगारेट, सगळं बंद. हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि घोट्यावरची पातळ कातडी मग भरून येत नाही, जखम उघडी राहते, कधी जंतू थेट धातूपर्यंत पोचतात. आपल्याकडच्या बायका ‘आम्ही काय ओढत नाही’ म्हणून सुटतात, पण मिश्रीतही तंबाखूच असते. डॉक्टरांना ती सांगायला हवी. साखर असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करून घ्या, बरेच सर्जन ती साडेसात-आठच्या आत आल्याशिवाय हात लावत नाहीत. किडलेला दात आधीच काढून किंवा भरून टाका. आणि कुबड्या किंवा वॉकर ऑपरेशननंतर आणू नका, आधी आणा. एका पायावर तोल सांभाळून खुर्चीतून उठणं, वळणं, मोरीपर्यंत जाणं हे दुखत नसताना शिकायचं. साठीच्या पुढच्या माणसाला लंगडी घालणं जमत नसेल तर भाड्याची चाकाची खुर्ची घ्या, त्यात कमीपणा कसला.

आता घर. जुन्या पेठेतल्या घरात झोपायची खोली माडीवर आणि जिना शिडीसारखा उभा असतो. खाट खाली सोप्यात आणा, पाव्हण्यांची बैठक दोन महिने माडीवर गेली तरी चालेल. गुडघ्याच्या उंचीचं अंथरूण हवं, जमिनीवरची गादी नको. दारांचे उंबरे मोजा. वॉकर उचलून पलीकडं ठेवताना माणूस पडतो तो उंबऱ्यावरच. उंच उंबऱ्याला सुताराकडून उताराची लाकडी फळी करून घ्या. जाजम, सतरंजी, पायपुसणी गुंडाळून माळ्यावर टाका. शहाबादी फरशी ओली झाली की निसरडी होते, म्हणून कुबड्यांची रबरी टोपणं नवी घ्या आणि जोडी जादा ठेवा. भारतीय बैठकीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची लागतेच. आंघोळीला मोरीत प्लॅस्टिकचं भक्कम स्टूल, भिंतीला धरायला दांडी, आणि प्लास्टरवर चढवायला लांब जाड पिशवी, वर रबर नव्हे, रुंद चिकटपट्टी.

पाय वर ठेवायचा म्हणजे किती वर, हे दाखवून घ्या. खुर्चीसमोर स्टूल ठेवून त्यावर पाय टाकला म्हणजे वर ठेवला असं नाही. पाय काळजाच्या पातळीच्या वर हवा, म्हणजे माणूस जवळजवळ आडवाच. उश्या रात्रीत चेपतात, आमच्याकडं वाकळीच्या घट्ट घड्या जास्त उपयोगी पडल्या. आधार पोटरीखाली द्यायचा आणि टाच मोकळी ठेवायची, नाहीतर टाचेला दाबाचा फोड येतो. खाटेजवळ हाताच्या अंतरावर पाणी, गोळ्या, फोन, चष्मा, हाक मारायला घंटी आणि लघवीचं भांडं. शेवटची वस्तू कुणालाच आवडत नाही, पण ती नसली की माणसं उठायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि मग बद्धकोष्ठ.

दवाखान्यातून घरी येताना पुण्याहून गाडी असेल तर मागच्या सीटवर आडवं बसून पाय लांब ठेवायची सोय आधीच ठरवा, आणि रस्त्यात मध्ये थांबा. रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या एका पायावर चढणं जमणारं नाही.

दुखण्याची तयारी हा यादीतला सगळ्यात मोठा भाग. ऑपरेशनच्या वेळी पायाच्या नसेला भूल दिलेली असेल तर पहिले बारा ते चोवीस तास पाय लाकडाचा असतो आणि माणूस सगळ्यांना फोन करून सांगतो, ‘काही नाही, नाद खुळा!’ भूल उतरते ती बहुधा रात्री, आणि उतरते तेव्हा एकदम. दुखायला लागल्यावर गोळी घेतली तर ती लागू पडेपर्यंतचा तास फार वाईट जातो. पहिली गोळी भूल उतरायच्या आधी कधी घ्यायची, हे नर्सकडून वेळेसह लिहून घ्या. पहिले चार-पाच दिवस गोळ्या घड्याळाप्रमाणं घ्यायच्या, ‘सोसतंय तोवर सोसू’ हा बाणा बाजूला ठेवायचा. दुखणं आटोक्यात असलं की झोप लागते, झोप लागली की दुसरा दिवस बरा जातो.

गोळ्यांची वही ठेवा. बाजारातल्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या की ते नकळत दुप्पट होतं. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या वर ते चालत नाही, बरेच डॉक्टर तीनवरच थांबवतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटातलं इंजेक्शन किंवा गोळी चालू असताना मेडिकलमधून आपल्या मनानं दुसरी ‘दुखायची गोळी’ आणायची नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंड अशक्त असेल तर तिनं आणखी बिघडतं. ट्रॅमाडॉलसारख्या कडक गोळीनं पोट साफ होत नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासून.

दुखण्याचे प्रकार ओळखता आले तर भीती कमी होते. पाय खाली सोडला की रक्त उतरून ठणका लागतो, पाऊल जांभळं दिसतं, वर घेतलं की पाच-दहा मिनिटांत उतरतं. सुरुवातीचे आठवडे हे होणारच. पावलाच्या वरच्या भागावर बधिरपणा, लाल मुंग्या चावल्यासारखी आग, अचानक विजेचा करंट बसल्यासारखा झटका, हे नसेचं दुखणं. ते साध्या गोळीनं जात नाही, डॉक्टर त्यासाठी वेगळं औषध देतात. जखम पूर्ण भरल्यावर मऊ सुती कापड हळूहळू फिरवून कातडीला सवय करायची, हे फिजिओ शिकवतात. सकाळची पहिली चार पावलं आखडलेली पडतात, नंतर सैलावतात. हे तर कित्येक महिने चालतं.

आणि कधी वाट बघत थांबायचं नाही, तेही फ्रिजवरच्या त्या कागदावर लाल शाईनं लिहा. पोटरी दुखून सुजली, धाप लागली, छातीत टोचलं, प्लास्टरमधली बोटं निळी किंवा थंड पडली, जखमेतून पाणी येऊ लागलं, ताप भरला, की रात्र असली तरी फोन करायचा. दुखणं ऑपरेशनच्या मानानं अवास्तव वाढत चाललं असेल, कातडीचा रंग बदलत असेल, चादरीचा स्पर्शही सोसत नसेल, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता दाखवायचं.

पाव्हणे येणार. आपल्याकडं आजाऱ्याला बघायला न जाणं हे भांडणाचं कारण असतं. यायचं तर संध्याकाळी पाच ते सहा, असं पहिल्याच फोनला सांगून टाका. नाहीतर घरातली बाई दिवसभर चहा करते आणि आजारी माणूस शिष्टाचार म्हणून पाय खाली सोडून बसतो. त्यांच्यातला एक जण तालमीतला असणार आणि तो पोटरी तेलानं चोळून द्यायला बाह्या सरसावणार. ‘भावा, दोन दिवसात पळायला लावतो तुला.’ त्याचं प्रेम खरं असतं, पण हात लावू द्यायचा नाही. पोटरीत गुठळी असेल तर चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हाडवैद्याचा लेपही नको. बकऱ्याच्या पायांचं सूप कुणी आणलं तर मजेत प्या, नवा सांधा त्यानं लवकर जमत नाही एवढंच. अंडी, डाळी-उसळी, दूध, दही रोजच्या जेवणात असलं की झालं.

दुसऱ्या महिन्यानंतरची खरेदी आधीपासून करू नका, कारण पाऊल तेव्हा किती सुजलेलं असेल हे आज कळत नाही. बूट संध्याकाळी घ्यायला जा, सूज तेव्हा जास्त असते. रुंद, पट्ट्या सैल करता येणारा, गरज पडली तर अर्धा-एक नंबर मोठा. कोल्हापुरी चप्पल मात्र कपाटात. सपाट, कडक, गुळगुळीत तळ, टाचेला मागून आधार नाही. ह्यांनी त्यावरून बराच हट्ट केला, फिजिओंनी ऐकला नाही. चालायला रंकाळा तलावाकाठचा सपाट भाग चांगला, दमलं की टेकायला जागा मिळते. आज जास्त चालून उद्या सूज वाढली तर परवा तेवढंच कमी, हे गणित महिनोन्‌महिने चालवायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. मांडी घालणं, उकिडवं बसणं याबद्दल फार आशा धरू नका, नवा घोटा दुखायचा थांबतो, पण वाकतो साधारण ऑपरेशनच्या आधी वाकत होता तेवढाच. धावणं, उड्या, फुटबॉल संपलं. सायकल, पोहणं, चालणं जमतं.

गाडीचं आधीच ठरवा. उजवा घोटा असेल तर ब्रेक जोरात दाबता येईपर्यंत चारचाकी नाही, आणि ते डॉक्टर सांगतील तेव्हाच. डावा असेल तर मोटारसायकलचा गिअर आहे, आणि स्कूटरलाही सिग्नलला पाय टेकावाच लागतो. तोवर रिक्षावाला ओळखीचा करून ठेवा, जो घाई करणार नाही.

शेवटी फाइल. डिस्चार्ज कार्डाबरोबर आत बसवलेल्या सांध्याची कंपनी, नंबर आणि आकार छापलेले स्टिकर मागून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढं कधी एमआरआय, दाताचं काम किंवा दुसरं ऑपरेशन निघालं तर त्या डॉक्टरांना ते आधी दाखवायचं. विमानतळावर यंत्र वाजलं तरी उपयोगी पडतं. दुखणं थांबलं तरी एक्स-रेच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, कारण सांधा सैल व्हायला लागला की ते आधी फोटोत दिसतं, पायाला कळतं ते नंतर.