काट्यावरचं वजन सात घरांत कसं बसवायचं

सांगली जिल्ह्यात उसाची गाडी काट्यावर चढली की वजन टनांत लिहिलं जातं, आणि टनाचे तीन दशांश म्हणजे थेट किलो. ही नोंद ठरावीक रुंदीच्या टेक्स्ट फाइलमधून बिलिंगला पाठवायची असेल, तर ९.५ टनांचं ‘००९.५००’ व्हायला हवं. रकाने सरकत नाहीत, आणि मजकूर म्हणून क्रम लावला तरी ९.५ हे १८.३४५ च्या आधीच येतं.

हे करायला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एफ-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरातच किंमत बसवायच्या सोयीत, व्हेरिएबलनंतर कोलन, मग ०७.३ आणि शेवटी इंग्रजी छोटा एफ. सी आणि जावामध्ये कोलनऐवजी टक्क्याचं चिन्ह, बाकी तेच. कोडमध्ये अंक अर्थातच इंग्रजी. यातले ७ म्हणजे एकूण रुंदी: टिंबाआधी तीन, एक टिंब, पुढे तीन. टिंबाआधी तीन अंक हवेत म्हणून ७ च्या जागी ३ लिहिलंत, तर एकही शून्य लागणार नाही. वजाचं चिन्हही या सातातच मोजलं जातं.

ही रुंदी किमान असते, कमाल नव्हे. कुणी टनांऐवजी किलो भरले तर ‘१८३४५.०००’ अशी नऊ घरं होतात आणि पुढचा सगळा रकाना सरकतो. म्हणून फाइलमध्ये लिहिण्याआधी लांबी सातच आहे ना, हे तपासा.

भरल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन उलटसुलट पडलं की निव्वळ वजन उणे येतं. पायथन ‘-०८.२५०’ असं बरोबर देतं. जावास्क्रिप्टमध्ये मात्र टू-फिक्स्डने दशांश ठरवून पॅड-स्टार्टने पुढे शून्यं भरली की ‘०-८.२५०’ निघतं, तिथे चिन्ह आधी बाजूला काढा. अशी नोंद मुळात अडवलेलीच बरी.

वजन स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून आलं असेल तर ते आधी संख्येत बदला. पायथन ३.१० पासून ‘४२’ या स्ट्रिंगला नुसतं ०८ लावलं की शून्यं मागे लागतात, ‘४२००००००’, आणि एररही येत नाही.

हिशेब पूर्ण किलोत ठेवणं सगळ्यात सुरक्षित, कारण फ्लोटमध्ये, म्हणजे संगणक अपूर्णांक जवळपासच्या किमतीत साठवतो त्या प्रकारात, २.६७५ चे दोन दशांश केले की पायथन २.६७ दाखवतं. पण किलोला हजारने भागून भागाकार आणि बाकी जोडताना दोन्हींना तीन-तीन घरं द्या. १८ टन ४५ किलोची बाकी तशीच चिकटवली तर ‘१८.४५’ होतं, म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर ४०५ किलो जास्तीचे. हवं ‘०१८.०४५’.

अँड्रॉइड ॲपमध्ये आणखी एक खोच आहे. फोनची भाषा मराठी असेल, तर स्ट्रिंग फॉरमॅट देवनागरी अंक देऊ शकतं. पडद्यावर ते छान दिसतं. फाइल वाचणारा प्रोग्रॅम मात्र अडतो. फाइलसाठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) रूट, म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं, स्पष्ट द्या, पडद्यासाठी फोनचंच राहू द्या.